रताळ्याची पेज

वासंती काहीतरी म्हणाली होती. फार काही नव्हे. खजूर मऊ आहेत का, एवढंच तिने विचारलं होतं, तेही हिंदीत, आणि तिच्या मते पुरेसं सावकाश. कुवेतच्या सबाह अल-सालेम भागात प्रसादच्या इमारतीखाली एक बकाला आहे, दूध, पाव, कांदे, फोनचं रिचार्ज असं सगळं मिळणारं दोन खणांचं दुकान, तिथे रविवारी संध्याकाळी ती मुलाबरोबर उभी होती. दुकानदार अकबरने तिच्याकडे पाहिलं, भुवया जवळ आणल्या आणि तिच्या खांद्यावरून प्रसादला विचारलं, "मांजी क्या बोल रही हैं, भाई?" प्रसाद कार्ड शोधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "कुछ नहीं. ऐसे ही." अकबरने मान हलवली, दुधाच्या दोन बाटल्या पिशवीत घातल्या आणि गोष्ट संपली. वर घरी आल्यावर चप्पल काढता काढता प्रसादने बायकोला, चारुताला, सांगितलं, "आईला खजूर हवे होते, पण म्हटलं कडक असले तर उगाच घशात अडकतील." म्हणजे त्याला समजलं होतं. प्रत्येक शब्द समजला होता. वासंती दारातच उभी राहिली, एक पाय चपलेत आणि एक फरशीवर, आणि आपल्याला नक्की काय झालंय ते तिला कळेना. राग नव्हता. एखाद्या खोलीत आपण बसलेलो असताना कुणी दिवा घालवून निघून जावं, तसं काहीतरी होतं.

सोमवारभर ते तिच्यात राहिलं. घर रिकामं असतं दिवसा. प्रसाद पहाटे पाचला कंपनीच्या बसने निघतो, पेट्रोकेमिकलच्या प्लांटवर. चारुता शहरात, मिरकाबमधल्या बँकेत. नऊ वर्षांची ओवी शाळेत. बाहेर मे महिन्याचं ऊन, खिडकीच्या काचेला हात लावला तर तो मागे घ्यावा लागे. एसीच्या एकसुरी आवाजात वासंती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात राहिली. माणसं चांगली आहेत, ती स्वतःला सांगत राहिली. चारुता पहाटे साडेचारला उठते, आपल्यासाठी वेगळी खिचडी शिजवते, मिक्सरमधून काढते, गाळते आणि थर्मासमध्ये भरते. कधी कंटाळलेली दिसली नाही. पण चारुता तो थर्मास पुढे ठेवते तेव्हा झाकण आधीच सैल केलेलं असतं, जणू वासंतीचे हातही गेले आहेत. फोन वाजला तर चारुता उचलते आणि "आई बऱ्या आहेत" म्हणते, आई शेजारीच बसलेली असताना. ओवी आजीशी बोलायची तर मान खाली-वर होईल असेच प्रश्न विचारते, "आजी, यू वॉन्ट वॉटर? आजी, यू वॉन्ट टीव्ही?" आणि हे सगळं सुरू कुणी केलं? वासंतीनेच. आल्या दिवशी तिने सांगितलं होतं, मी आधी जेवेन, स्वयंपाकघरात, एकटी, तुम्ही मग बसा. माझं तोंड बघत तुम्हाला जेवण जायचं नाही. त्यांनी "असं काय म्हणता" असं दोनदा म्हटलं आणि मग मानलं. दोनदाच म्हटलं, हे आता तिला आठवत होतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या जिभेचा डावा अर्धा भाग काढला होता. एक मोडका दात वर्षभर जिभेला घासत होता, त्याची जखम, मग गाठ. तंबाखू खाता का, मिश्री लावता का, असं प्रत्येक डॉक्टरने विचारलं होतं, आणि नाही म्हटल्यावर प्रत्येकाने पुन्हा एकदा विचारलं होतं. ऑपरेशन आठ तास चाललं. डाव्या मनगटाची कातडी काढून ती जिभेच्या जागी शिवली आणि मनगटावर मांडीची लावली. शुद्धीवर आल्यावर तिला वाटलं, तोंडात कुणीतरी बोट घालून ठेवलंय, आणि ते काढा म्हणून ती खुणा करत राहिली. नंतर तीस वेळा रेडिएशन, ज्याला दवाखान्यात सगळे "लाईट" म्हणत. लाईट घेतल्यावर थुंकी आटली आणि चव गेली; वरण, केळं, औषध, सगळ्याला भांडी घासायच्या काथ्याची चव. आता त्यातलं बरंच परतलं होतं. उजव्या बाजूने चघळता येत होतं. "मऊ खायला लागा, मिक्सर बंद करा," असं नाशिकला तिला गिळायला शिकवणाऱ्या शर्मिला मॅडमनी सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. पण मिक्सर बंद झाला नाही. कारण चघळायचं म्हणजे वेळ लागायचा, ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळ यायचा, मध्येच बोट घालून घास उजवीकडे सरकवावा लागायचा, आणि हे कुणीतरी बघायचं. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये वासंतीने एकतीस वर्षं टपाल तिकिटांचे ताव तपासले होते. एका तिकिटाचे दात जरी नीट पडले नाहीत, एका जागी रंग जरी केसभर सरकला, तरी ताव बाजूला जायचा. तिने बाजूला काढलेला ताव कधी चांगला ठरून परत आला नव्हता, याचा तिला अभिमान होता. त्याच हाताने तिने स्वतःलाही बाजूला काढलं होतं, अगदी शिस्तीत.

आणि मंगळवारी सही होती. वासंतीचं नाशिकचं घर, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक गच्ची, विकायचं ठरलं होतं. प्रसादचा शाळेतला मित्र क्षितिज तिकडे सगळं बघणार होता. त्याच्या नावाने मुखत्यारपत्र करायचं, त्यासाठी शहरात दूतावासाच्या पासपोर्ट केंद्रात अडीचची वेळ घेतलेली. मग वासंतीने तीन महिने कुवेतला, मग पुण्याला लेकीकडे, मुक्ताकडे, मग पुन्हा व्हिसा काढून इकडे, असं राहायचं. "एकटी कशी राहणार तू?" प्रसाद म्हणाला होता. "काही झालं तर शेजाऱ्यांना तुझं बोलणं तरी कळेल का?" त्या वेळी तिला ते बरोबर वाटलं होतं. मुक्तानेही फोनवर प्रसादला तेच म्हटलं होतं. त्यांचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली. मुलांनी आईचा विचार करायचा नाही तर कुणी करायचा?

ओवीच्या शाळेत सकाळी पालकांची मीटिंग होती, म्हणून चारुता त्या दिवशी अकराला कामावर जाणार होती. तिने वासंतीला गाडीतून बरोबरच आणलं, बँकेच्या इमारतीच्या लॉबीत सोफ्यावर बसवलं, पाण्याची बाटली आणि थर्मासची पिशवी शेजारी ठेवली. "आई, मी दोनला खाली येते, मग जाऊ. इथे गार आहे. आणि," तिने आवाज खाली आणला, "जेवायचं झालं तर त्या कोपऱ्यातलं वॉशरूम मोठं आहे, आतून कडी आहे. कुणी येत नाही." तिने ते मायेनेच सांगितलं. कारण मागच्या शुक्रवारी मॉलमध्ये वासंती तसंच जेवली होती, वॉशरूममध्ये, झाकण लावलेल्या कमोडवर बसून, मांडीवर थर्मास, आणि हात वाळवायचं यंत्र दर दोन मिनिटांनी कुणीतरी सुरू करत होतं. तेव्हाही तिला वाईट वाटलं नव्हतं. सोयीचं वाटलं होतं. आज चारुताने ते आधीच शोधून ठेवलं होतं, तिची ती जागा. वासंतीने मान हलवली. चारुता लिफ्टकडे गेली, तिच्या टाचांचा आवाज लॉबीच्या संगमरवरावर लांबपर्यंत ऐकू आला.

तासभर ती बसून होती. समोरच्या काचेतून रस्ता दिसत होता, पांढरा, जवळजवळ माणसांशिवाय. गाड्या आणि गाड्यांवरचं ऊन. पलीकडे जुन्या चार मजली इमारतींची रांग होती. तळमजल्यावर एक शिंपी, एक पैसे पाठवायचं ऑफिस, आणि त्यांच्यामध्ये एक लाकडी दर्शनी भाग, खिडकीवर केतलीचं चित्र, त्याखाली अरबी, इंग्रजी आणि चिनी अक्षरं. इंग्रजीत लिहिलं होतं, तैवानी चहाघर. दारावर पदार्थांचे फोटो होते. इतक्या लांबून तिला वाफ येणारा एक वाडगा एवढंच दिसत होतं. सव्वाबाराला तिला भूक लागली. ही भूक खरी होती, पोटातून वर येणारी, आणि तिच्याबरोबरच त्या कोपऱ्यातल्या वॉशरूमकडे नजर गेली. वॉशरूमच्या दारावरच्या चाकाच्या खुर्चीच्या चित्राकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग उठली, पदर खांद्यावर नीट घेतला आणि पिशवी उचलली. सुरक्षारक्षकाने विचारलं, "मॅडम?" तिने रस्त्याच्या पलीकडे बोट दाखवलं आणि थांबली नाही.

दार उघडताच उन्हाने तिच्या तोंडातलं होतं नव्हतं ते पाणी काढून घेतलं. जीभ, म्हणजे जिभेची उरलेली बाजू, टाळूला चिकटली. तिने बाटलीतून घोट घेतला, दोनदा गिळला, सिग्नलपर्यंत चालत गेली. थर्मासची पिशवी गुडघ्यावर आपटत होती. आपण काय करतोय, हे तिने स्वतःला विचारलं नाही. प्रेसमध्ये असताना एकदा कँटीन बंद ठेवलं होतं तेव्हा त्या चाळीसजणी साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन डबे उघडून बसल्या होत्या. त्या वेळी जिन्यावरून खाली उतरताना पायांना जसं वाटलं होतं तसंच आता वाटत होतं. पाय आधी ठरवतात, बाकीच्यांनी मागून यायचं. चाळीसजणींत बसून ती भाकरी मोडायची, चुरचुरीत, आणि बोलता बोलता खायची, खाता खाता हसायची. तोंड ही इतक्या गोष्टी एकदम करणारी चीज आहे हे तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

आत गार होतं आणि भाजलेल्या तिळाचा वास होता. दहाएक टेबलं. खिडकीशी दोन कुवेती मुली लॅपटॉप उघडून बसल्या होत्या, एक दिशदाशा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, घातलेला म्हातारा गृहस्थ एकटाच सूप पीत होता, नर्सच्या गणवेशातल्या तिघी फिलिपिनो बायका हळू आवाजात बोलत होत्या. गल्ल्यामागून डोक्यावरून ओढणी घेतलेली, पंचेचाळिशीची एक बाई पुढे आली, वासंतीला बघताच भारतातली म्हणून ओळखून हिंदीत म्हणाली, "आओ अम्मा, बैठो. क्या होना?" हैदराबादची असावी, तिकडचीच बोली. छातीवर नाव होतं, माहीन. वासंती भिंतीकडे तोंड करून बसायची खुर्ची ओढणार होती. ती सोडून ती दुसऱ्या बाजूला बसली, सगळ्यांकडे तोंड करून. मेनूकार्डात फोटो होते आणि खाली इंग्रजीत माहिती. रताळं घालून शिजवलेली तांदळाची पातळ पेज. वाफवलेलं अंडं. आल्याच्या रसातला मऊ टोफू. सोया आणि मसाल्यात शिजवलेले शेंगदाणे. लसणाबरोबर वाफवलेली पालेभाजी. तेल कमी, मीठ कमी, असं पानाच्या तळाशी अभिमानाने लिहिलेलं. वासंतीने बोट पेजेच्या फोटोवर ठेवलं असतं तर काम झालं असतं. दोन वर्षं ती सगळीकडे बोटच ठेवत आली होती. तिने हात मांडीवर घेतला.

ती बोलली. रताळ्याची पेज, शेंगदाणे, पालेभाजी आणि चहा. तोंडातून बाहेर पडलं ते तिलाही ऐकू आलं. जाड, ओलं, सगळ्या कडा झिजलेलं. माहीनने कान पुढे केला. "मेरे कू समझा नै अम्मा, फिर से बोलो. आराम से बोलो, मेरे कू कोई जल्दी नै." वासंतीने पुन्हा सांगितलं. माहीनने पेज पकडली, शेंगदाणे पकडले, भाजीशी अडली. "सब्जी कौनसी?" वासंतीने तिसऱ्यांदा सांगितलं, शर्मिला मॅडमनी शिकवलं तसं, शब्दाचे तुकडे करून, प्रत्येक तुकड्याला जागा देऊन. म्हाताऱ्याने सुपातून मान वर केली आणि परत खाली घातली. "पत्तेवाली," माहीन म्हणाली, "लहसुन की. अब समझी. लेकिन अम्मा, उसमें रेशे रहते. पकड़ लेती गले में. टोफू ला दूँ, नरम?" वासंतीने मान हलवली. नाही. पत्तेवाली. माहीनने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, गळ्यावरच्या आडव्या व्रणाकडे आणि मनगटावरच्या खड्ड्यासारख्या जागेकडेही, आणि काही न विचारता लिहून घेतलं.

पेज आली ती पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यात, शितं फुटून विरघळलेली, मधून मधून रताळ्याचे पिवळे तुकडे. पहिला चमचा तिने उजव्या बाजूला ठेवला. गरम, पण सोसवेल इतकं. तांदळाची चव आली. मग थोडी मागाहून रताळ्याची, मातकट आणि गोड, आणि वासंतीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने येऊ दिलं, कारण हात चमच्यात गुंतला होता. घरी मिक्सरमध्ये गेल्यावर सगळ्याचा एकच रंग व्हायचा, एकच चव. काय खाल्लं असं कुणी विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. इथे रताळं हे रताळं होतं. ते दातांत फुटत होतं, तुकडा होता आणि मग नव्हता. ती जेवत राहिली. डावीकडून ओघळ आला, तिने तो टिपला. परत आला, परत टिपला. बोट घालून घास सरकवायचा प्रसंग आला तेव्हा तिने एकदा समोर पाहिलं. लॅपटॉपवाली एक मुलगी बघत होती. वासंतीने बोट घातलं, घास सरकवला, बोट पुसलं. मुलगी दुसरीकडे पाहू लागली. बस, एवढंच झालं. दोन वर्षं ती ज्याला भीत होती ते एवढंच होतं. एक पोरगी बघते आणि मग आपल्या कामाला लागते.

शेंगदाणे तपकिरी होते, बोटांत धरले तर चुरडतील इतके शिजलेले, बडीशेपेसारखा काहीतरी गोडसर वास असलेले. एकेक खायचा, तिने ठरवलं. दाढेखाली ठेवायचा, दाबायचा, कण सगळीकडे पसरले तर पेजेचा घोट घ्यायचा. चार झाले, पाच झाले. मग पालेभाजी. ती हिरवीगार होती, देठांसकट, लांब, आणि वासंतीने पहिलाच घास मोठा घेतला, हव्यासाने. पान चावलं गेलं, देठ नाही. देठाचा रेशा मागे सरकला, घशाच्या तोंडाशी गेला, अर्धा आत अर्धा बाहेर, आणि श्वास तिथेच थांबला. खोकला येईना. कानात गरगर सुरू झाली. नर्सच्या गणवेशातली एक उठून उभी राहिली, माहीन गल्ल्यामागून धावली, कुणाची तरी खुर्ची मागे घासली. सगळे बघत होते, आता खरंच सगळे. वासंतीने हात वर केला, तळवा पुढे. थांबा. हनुवटी छातीला लावा, शर्मिला मॅडम सांगत. घाबरू नका, घाबरलं की घसा आवळतो. पुढे वाका. जोर पोटातून. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा रेशा हलला, खोकला सुटला, मोठा, घाणेरडा, नाकातोंडातून पाणी काढणारा, आणि तो तंतू तिच्या हातात आला, बोटभर लांब, हिरवा. तिने तो ताटलीच्या कडेला ठेवला. नर्सने तिची पाठ धरली होती, "ओके, मामा? ओके?" वासंतीने मान हलवली, पाणी प्याली, दोनदा गिळलं, थांबली. माहीन म्हणाली, "ले जाऊँ प्लेट?" ती ताटली उचलायला वाकली होती. वासंतीने ताटलीवर हात ठेवला. मग सुरी मागितली, तोंडाने. सुरी आली. तिने उरलेली भाजी आडवी कापली, बारीक, नखाएवढी, एकही लांब तंतू राहू नये अशी तपासून, आणि पुन्हा पहिला घास घेतला. घास गेला. त्याच्या मागून दुसराही.

आतून मालकीणबाई आली, साठीची, आखूड केसांची, तैवानहून इथे येऊन कित्येक वर्षं झालेली. माहीनने तिला काय झालं ते सांगितलं असावं. तिने भाजीकडे पाहिलं, मान डोलवली. चहा तिने स्वतः ओतला, दोन बोटं उंचीच्या पेलीत, सोनेरी रंगाचा. इंग्रजीत सावकाश काहीतरी म्हणाली आणि माहीनने ते आपल्या बोलीत केलं, "बोल रही के इसका मज़ा ज़बान पे मत ढूँढो. पहले पी लो, फिर ठहरो. बाद में गले में आता." वासंतीने घोट घेतला. जिभेवर थोडा कडवटपणा, डावीकडे काहीच नाही, तिथे तिचं मनगट होतं. तिने गिळलं आणि थांबली. काही क्षण गेले. मग घशात, खूप आत, काहीतरी गोड उमललं आणि राहिलं. मालकीणबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. बघून झाल्यावर आत निघून गेली.

दोन वाजून दहा मिनिटांनी चारुता दार ढकलून आत आली, चेहरा लाल, हातात फोन. रक्षकाने सांगितलं असणार. "आई, मी किती घाबरले, तुम्ही इथे," असं म्हणत ती टेबलाशी आली आणि तिने सगळं पाहिलं. वाडगा, ताटली, कडेला ठेवलेला तो तंतू, सासूबाईंच्या हनुवटीवरचा ओघळ. तिचा हात आपसूक टिश्यूकडे गेला आणि मग वासंतीच्या तोंडाकडे. वासंतीने तिचं मनगट धरलं, हळूच, पण धरलं. टिश्यू घेतला, स्वतः पुसलं. "बस," ती म्हणाली. चारुता बसली. बसल्यावर तिचे खांदे एकदम खाली आले, आणि वासंतीला दिसलं की ती किती दमली आहे, डोळ्यांखाली काळं झालेलं, सकाळच्या मीटिंगपासून पोटात काही नसलेलं. "तू जेवलीस?" तिने विचारलं. चारुता म्हणाली, "नाही. तुमचं झालं की निघू, मग घरी गेल्यावर." तिला ऐकू गेलं होतं आणि समजलंही होतं, तिने पुन्हा विचारलं नव्हतं. "समजतं तुला माझं," वासंती म्हणाली. चारुता टेबलावरच्या पेलीकडे बघत राहिली. "समजतं आई. बरंचसं समजतं. पण प्रसाद असला की तो पटकन बोलून टाकतो, आणि मग मलाही तीच सवय लागली. लवकर आटपतं." थोडं थांबून ती म्हणाली, "अडीचला पोचायचंय. गार होतंय म्हणून घाई करू नका, पण पोचायचंय."

वासंतीने वाडग्यात पाहिलं. अजून निम्मी पेज होती. ती संपवायला तिला अर्धा तास लागणार होता, कदाचित जास्तच. तिने चमचा भरला. "मी सही करणार नाही," ती म्हणाली. प्रत्येक शब्द वेगळा ठेवून म्हणाली. "घर विकायचं नाही. मी नाशिकला राहणार." एवढ्यात चारुताचा फोन वाजला, प्रसादचा. "हो, सापडल्या. समोर चहाच्या हॉटेलात आहेत. जेवतायत," ती सांगत होती. "नाही, स्वतः. नाही रे, मी नाही भरवत. प्रसाद, त्या सही नको म्हणतायत." पलीकडून आवाज वाढलेला वासंतीलाही ऐकू आला. तिने हात पुढे केला. दोन वर्षांत ती फोनवर एक शब्दही बोलली नव्हती. चारुताने फोन दिला.

"आई, हे काय आता? क्षितिजने गिऱ्हाईक पक्कं केलंय," प्रसाद म्हणाला. मागे प्लांटची घरघर होती. वासंतीने पेज गिळली, मग बोलली. घर माझं आहे. मला गिळता येतं, बोलता येतं, सावकाश. अडलं तर शेजारच्या दाराला हात मारता येतो. तीन महिन्यांनी येईन, राहीन, परत जाईन. मिक्सर उद्यापासून बंद. इतकं ती एका वेळी दोन वर्षांत बोलली नव्हती, आणि मध्ये दोनदा थांबून तिला पाणी प्यावं लागलं. मग प्रसाद म्हणाला, आणि त्याचा आवाज बारीक झाला होता, लहानपणी ताप आला की व्हायचा तसा, "आई, मला सगळं कळतं गं तू बोललेलं. पहिल्या दिवसापासून कळतं. पण ऐकवत नाही मला. तुझा आवाज नाहीये तो."

खिडकीशी बसलेल्या मुली लॅपटॉप मिटून निघाल्या होत्या. वासंतीने फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याचं हे तिला माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि तिने ते स्वयंपाकघराचं दार लावून बाहेर ठेवलं होतं. मुलगाही आपल्यासारखाच एक दार लावून बसलाय, हे तिच्या मनात आलं नव्हतं. तिला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण त्यासाठी ती निर्णय बदलणार नव्हती. "माझाच आहे," ती म्हणाली. "मलासुद्धा ऐकवत नव्हता. तू सवय कर. मी नाशिकहून रोज फोन करीन." प्रसादने "बरं" म्हटलं नाही. तो म्हणाला, "वेळेचं मी कळवतो केंद्राला," आणि फोन बंद झाला. त्यानंतरचे चार दिवस तो घरात फारसं बोलला नाही. शुक्रवारी दुपारी वासंती ताट घेऊन सगळ्यांबरोबर टेबलावर बसली तेव्हा त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं, पण जेवण झाल्यावर उठला नाही, तिचं संपेपर्यंत रिकाम्या ताटापुढे हात वाळवत बसून राहिला. जूनमध्ये ती ठरलेल्या तारखेला नाशिकला गेली. पहिले दोन आठवडे फोनवर तोच जास्त बोलायचा, भराभर, तिला मध्ये जागा न देता. मग हळूहळू थांबू लागला.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी अडीच वाजले आणि वाजून गेले. चारुताने एकदा फोनवर वेळ पाहिली आणि तो पर्समध्ये टाकला. वासंतीने माहीनला हाक मारली आणि सुनेसाठी टोफू, पेज आणि अंडं सांगितलं. माहीनला दुसऱ्यांदा विचारावं लागलं, तिने दुसऱ्यांदा सांगितलं. चारुता मधे काही बोलली नाही. वाफा येत असलेला वाडगा समोर आल्यावर तिने बाह्या वर सरकवल्या आणि भुकेल्या माणसासारखी खाली मान घालून जेवू लागली. वासंतीच्या वाटीत सात शेंगदाणे उरले होते. तिने पहिला उचलला, उजव्या दाढेखाली ठेवला आणि दाबला.